फॉर्मॅट मारण्याआधी

(कॉटन ग्रीन इथे स्वयंसेवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



टेबलावरचा हा कॉम्प्युटर तुम्ही सगळे ओळखता. आपल्या मदत केंद्राचा. शिष्यवृत्तीचे फॉर्म, रेशनकार्डावर नाव चढवणं, मतदार यादीतल्या दुरुस्त्या, सगळं यावरच होतं. पंधरा दिवसांपासून तो सुरू केला की जाहिरातींची पानं आपोआप उघडतात. पेनड्राइव्ह लावला की त्यातले फोल्डर गायब होतात आणि त्याच नावांचे शॉर्टकट दिसायला लागतात. मला निरोप आला तो असा: "भाई, रविवारी येऊन फॉर्मॅट मारून द्या, अर्ध्या तासाचं काम आहे."

विंडोज टाकायला अर्धा तास लागतो हे खरंच आहे. पण मी सकाळी दहाला आलोय आणि अजून फॉर्मॅट केलेला नाही. आत्ता यातल्या फायली बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरतायत. स्क्रीनवर पन्नास मिनिटं दाखवतंय. तेवढ्या वेळात बोलतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला मला बोलवावं लागणार नाही.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो. मी इथलाच, घोडपदेवला वाढलो. अब्बा दारूखान्यात एका लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायचे. मोडीत काढलेल्या जहाजांच्या प्लेटा, साखळ्या, कोणाला किती माल गेला, कोणाची उधारी किती, हे सगळं दुकानातल्या कॉम्प्युटरवर टॅलीमध्ये. २००८ साली मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मोहल्ल्यात कोणाचाही कॉम्प्युटर बिघडला की मला हाक यायची, आणि मला त्याचा अभिमानही होता. दुकानातल्या मशीनला तेव्हा तो ऑर्कुटवाला वर्म लागला होता. तुमच्यातल्या लहानांना ऑर्कुट माहीत नसेल, फेसबुकच्या आधी ते होतं. हा वर्म लागला की ऑर्कुट किंवा यूट्यूब उघडल्यावर एक चौकट यायची, ही साइट बंद आहे म्हणून चिडवायची आणि वर राक्षसासारखं हसायची. फायरफॉक्स उघडला तर तोही बंद करायची. पेनड्राइव्हवरून पसरायचा, आणि त्या काळात तो सगळीकडे होता, कॉलेजच्या लॅबपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत.

मी गेलो आणि फॉर्मॅट मारला. आपल्या सगळ्यांना तेव्हा एक गोष्ट पाठ होती: सी ड्राइव्हमध्ये विंडोज, डी ड्राइव्हमध्ये डेटा. म्हणून सी बिनधास्त उडवला. टॅलीचा डेटा सी मध्येच, टॅलीच्याच फोल्डरमध्ये असतो हे मी पाहिलंच नाही. डी मध्ये गाणी होती आणि मालकाच्या मुलीच्या लग्नाचे फोटो होते. हिशेब गेला.

अब्बांनी मला एक शब्द ऐकवला नाही. त्यानंतर तीन आठवडे ते दुकान बंद झाल्यावर बसून कागदी बिलांवरून सगळं पुन्हा भरत होते, मी शेजारी बसून बिलं वाचून दाखवत होतो. ज्यांचे कागद मिळाले नाहीत त्या पार्ट्यांना फोन करून विचारावं लागलं, आणि त्यांनी जो आकडा सांगितला तो मान्य करावा लागला. समोरचा काय आकडा सांगेल याचा अंदाज तुम्ही करू शकता.

आणि एवढं करून व्हायरस गेला का? नाही. नवीन विंडोज टाकलं, स्वच्छ स्क्रीन आली, मी खुशीत डी ड्राइव्हवर डबल क्लिक केलं, आणि दहा मिनिटांत तीच चौकट, तेच हसणं. कारण डी ड्राइव्हच्या मुळाशी ऑटोरन नावाची एक छोटी लपलेली फाइल बसलेली होती. ड्राइव्ह उघडला की ती वर्मला उठवायची. मी घर धुतलं होतं आणि चोर माळ्यावर तसाच होता. (हा ऑटोरनचा दरवाजा मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठी बंद केला, आणि एक्सपी-व्हिस्टावर फेब्रुवारी २०११ मध्ये अपडेट देऊन. तोवर आपण सगळ्यांनी बरंच भोगून झालं होतं.)

तेव्हा पुसण्याआधी दोन प्रश्न. यातलं काय बाहेर काढायचं आहे, आणि ते नक्की कुठे आहे? डेस्कटॉपवरच्या फायली सी मध्ये असतात. डाउनलोड, डॉक्युमेंट्स, ब्राउझरचे बुकमार्क, स्कॅनर जिथे फोटो टाकतो तो फोल्डर, हेही बहुधा सी मध्येच. "माझं सगळं डी मध्ये आहे" असं जो म्हणतो त्याच्या शेजारी बसा आणि त्याला रोज उघडाव्या लागणाऱ्या पाच फायली कुठे आहेत ते एकेक करून दाखवायला सांगा.

दुसरं म्हणजे, बिघडलेल्या विंडोजमधूनच कॉपी करायला बसू नका. व्हायरस जागा असतानाच तुम्ही त्याच्या हातात नवी हार्डडिस्क देताय. मी आज काय केलं? घरून स्वच्छ लॅपटॉपवर लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह बनवून आणला आणि हा कॉम्प्युटर त्यावरून सुरू केला. आतलं विंडोज झोपलेलं आहे, त्यामुळे विंडोजसाठी लिहिलेला व्हायरसही झोपलेला आहे. आणि गंमत बघा, पेनड्राइव्हवरचे जे फोल्डर गायब झाले म्हणून आपली एक ताई रडकुंडीला आली होती ते सगळे इथे जागच्या जागी दिसतायत. ते पुसलेच गेले नव्हते, फक्त लपवले होते. मी कॉपी करताना पीडीएफ, फोटो, वर्ड, एक्सेल एवढंच घेतोय. ईएक्सई, सेटअप, शॉर्टकट, कुठून तरी आणलेले गेम, काही नाही. प्रोग्रॅम पुन्हा मिळतात. एक इशारा: नव्या लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा आपोआप बिटलॉकरने कुलूपबंद झालेली असते. तशी असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा, मगच पुढे हात घाला.

आता थोडं समुद्रापलीकडे जाऊ. शिवडीहून अटल सेतू धरला की पलीकडे न्हावाशेवा. तिथल्या जेएनपीटी बंदरात मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाचं एक कंटेनर टर्मिनल होतं. २७ जून २०१७ ला तिथले कॉम्प्युटर अचानक मेले. कंटेनर कुठला, कोणाचा, कुठल्या ट्रकवर चढवायचा हे सांगणारं काहीच चालेना. माणसांना हाताने काम करायची वेळ आली, मालाचा खोळंबा झाला. त्याच दिवशी जगभर मर्स्कच्या कितीतरी बंदरांत हेच झालं होतं. व्हायरसचं नाव नॉटपेट्या. वरवर खंडणी मागणारा, पण पैसे देऊनही फायली परत मिळायची सोयच त्यात नव्हती. तो फक्त नासधूस करायला बनवला होता. सुरुवात युक्रेनमध्ये झाली, तिथल्या एका लोकप्रिय हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीचा सर्व्हरच ताब्यात घेतला होता.

पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनी सांगितलं की दहा दिवसांत त्यांनी ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने बसवले. आपण एकावर घाबरतो. पण या गोष्टीतला खरा भाग वेगळाच आहे. कंपनीत कोण कोण आहे, कोणाला काय उघडता येतं, याची सगळी नोंद ठेवणारे जवळपास दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांची नक्कल सतत ठेवायचे. एक गेला तर दुसरा आहे, अशी योजना. सगळे एकाच वेळी जातील हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि सगळे जोडलेले होते म्हणून एकाच वेळी गेले. त्या नोंदीशिवाय ४५,००० कॉम्प्युटर पुन्हा बसवून उपयोग शून्य. शेवटी एक नक्कल सापडली. आफ्रिकेत, घानामधल्या ऑफिसात. का वाचली? तिथे लाइट गेली होती! सर्व्हर बंद होता, नेटवर्कपासून तुटलेला होता. तिथलं इंटरनेट इतकं हळू की डेटा पाठवायला दिवस लागले असते, आणि तिथल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एक माणूस हार्डडिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथे विमानतळावर दुसऱ्याच्या हातात दिली, आणि तो ती लंडनला घेऊन गेला.

म्हणून मी ही हार्डडिस्क कॉपी झाली की वायर काढून कपाटात ठेवणार आहे. कायम यूएसबीला लटकलेली हार्डडिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, खंडणीवाला व्हायरस तिलाही कुलूप लावतो. आपण घानासारखं लाइट जाण्यावर विसंबून राहू शकत नाही, मुंबईत तशी ती फार जातही नाही.

आता विंडोज आणायचं कुठून? इथे मला थोडं कडू बोलायचं आहे. लॅमिंग्टन रोडवर, गल्लीतल्या रिपेअरवाल्याकडे, दोन-तीनशे रुपयांत "ओरिजिनलसारखं" विंडोज टाकून मिळतं. सोबत ऑफिस, फोटोशॉप, सगळं. त्याच्याकडे एक पेनड्राइव्ह असतो, तो त्या दिवशी दहा मशीनना लागलेला असतो. आणि विंडोज ॲक्टिव्हेट करायला तो जो क्रॅक चालवतो, तो चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. विचार करा. आपण चोरी झाली म्हणून कुलूप बदलायला माणूस बोलावला आणि तो म्हणतो, काम होईपर्यंत कुत्रा बांधून ठेवा. सगळे क्रॅक व्हायरसवाले असतात असं मी म्हणत नाही. पण कोणता आहे आणि कोणता नाही हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही, आणि जे कळवू शकतं ते तुम्ही स्वतः बंद केलंय.

आणि वाईट याचं वाटतं की बहुतेक वेळा क्रॅकची गरजच नसते. विंडोज ८ पासून कंपनीने विंडोज घालून विकलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डमध्येच असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली की नेट लागल्यावर तो स्वतःच ॲक्टिव्हेट होतो. लोकांनी आपल्याच घराच्या चावीसाठी पैसे मोजलेत आणि बदल्यात बनावट चावी घेतली आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल फुकट मिळतं, ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लागतो. फक्त तो पेनड्राइव्ह स्वच्छ कॉम्प्युटरवर बनवा, आजारी कॉम्प्युटरवर नाही. गूगलवर शोधून पहिल्या जाहिरातीवर क्लिक करू नका, पत्ता स्वतः टाइप करा.

टाकताना "कस्टम" निवडा. डिस्कचे जे भाग दिसतील ते सगळे काढून एक रिकामी डिस्क उरू द्या, माझ्या डी ड्राइव्हची आठवण ठेवून. पण त्याआधी बॅकअपची हार्डडिस्क खरोखर काढली आहे ना ते डोळ्यांनी बघा, आणि त्यातल्या चार-पाच फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. कॉपी झाली आणि उघडली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमच्यातले काही जण म्हणतील, आम्हाला शिकवलंय की विंडोज टाकताना नेटची वायर काढायची. बरोबर शिकवलंय, त्याचं कारण जुनं आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म आला. मी शाळेत होतो, सायबर कॅफेत बसलेलं असताना स्क्रीनवर साठ सेकंदांची उलटी गिनती सुरू व्हायची आणि मशीन बंद. त्याला तुम्ही काही उघडायची, क्लिक करायची गरजच नव्हती. नेटला नुसतं जोडलेलं असणं पुरे. नवीन टाकलेलं एक्सपी नेटला लावून दुरुस्तीचं अपडेट उतरवायला घेतलं की ते उतरेपर्यंत वर्म लागून मोकळा. पुढच्या वर्षी सर्व्हिस पॅक २ आला आणि विंडोजचा फायरवॉल आधीपासूनच चालू मिळू लागला, तेव्हा हे कमी झालं.

आज घरच्या राउटरच्या मागे, नवीन विंडोज असेल तर तेवढी भीती नाही. पण इथल्यासारख्या एका वायफायवर चार मशीन असतील आणि त्यातलं एक आजारी असेल, तर नव्या मशीनला त्या नेटवर्कवर आणू नका. आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट द्या आणि त्यावर अपडेट करा. एकदा नाही, रीस्टार्ट करून पुन्हा, "काही शिल्लक नाही" असं म्हणेपर्यंत. अपडेटला लोक कंटाळतात, डेटा जातो म्हणतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर हॉस्पिटलं, कारखाने बंद पाडले. तो ज्या भगदाडातून शिरला ते बुजवणारं अपडेट दोन महिने आधी, मार्चमध्येच येऊन पडलेलं होतं. नॉटपेट्यानेही पसरायला वापरलेल्या वाटांपैकी एक तीच.

अँटिव्हायरस कुठला? विंडोजमध्ये डिफेंडर असतो, तो चालू ठेवा, साध्या वापराला पुरतो. विकत घ्यायचा तर एक घ्या, दोन एकावर एक बसवू नका. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कैलाश काटकर कॉम्प्युटर दुरुस्तीत आले. दुकानात येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस दिसायचे म्हणून कॉम्प्युटर शिकणारा धाकटा भाऊ संजय ते काढायचे प्रोग्रॅम लिहायला लागला. नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्यातून क्विक हील उभं राहिलं. मोठे भाऊ दहावीनंतर शिकले नव्हते. रिपेअरिंग करणाऱ्या पोरांना कोणी कमी लेखलं की मी हे सांगतो.

त्याच्याहून मोठा फरक एका साध्या गोष्टीने पडतो. रोजच्या कामाचं खातं ॲडमिनिस्ट्रेटर ठेवू नका. ॲडमिनचा पासवर्ड एकाकडे, बाकी सगळे साध्या खात्यातून. आणि फाइलच्या नावाची शेपटी दिसेल अशी सेटिंग करा. "बिल डॉट पीडीएफ" दिसतं, मागे "डॉट ईएक्सई" लपलेलं असतं. मोबाइलवरही आता हेच चाललंय: अनोळखी नंबरवरून लग्नाची पत्रिका येते, गाडीचं चलान येतं, आणि ती फाइल एपीके असते. पत्रिका इन्स्टॉल करावी लागत नाही.

सगळं झाल्यावर पासवर्ड बदलायचे. आधी नाही, कारण आजारी मशीनवर बदललेला पासवर्ड चोराला ताजा मिळतो. आजचे बरेच व्हायरस फायलींना हातही लावत नाहीत, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतात आणि गप्प बसतात. ईमेलचा पहिला बदला, सगळीकडून लॉगआउट करा, मग बँक. पैसे गेलेच असतील तर वाट न पाहता १९३० ला फोन.

आता या मशीनचं. हा सहाव्या पिढीचा आय-थ्री आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षेची अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची. जुगाड करून चढवतात, पण दुसऱ्यांच्या कागदांच्या मशीनवर मी जुगाड करणार नाही. नवीन घ्यायला पैसे नाहीत हे मला माहीत आहे. म्हणून मी यावर लिनक्स मिंट टाकणार आहे. फुकट आहे, क्रॅकचा प्रश्नच नाही, मराठी टायपिंग होतं, आपला प्रिंटर आणि स्कॅनर मी सकाळी लावून पाहिला, चालतो. लिनक्सला व्हायरस लागतच नाही असं समजू नका. पण झेरॉक्सच्या दुकानातून येणारे विंडोजचे व्हायरस इथे चालणार नाहीत, आणि आपला रोजचा त्रास तोच आहे. पहिला आठवडा तुम्ही मला शिव्या द्याल. द्या.

आणि शेवटचं, ज्यासाठी मी खरं तर आलो. कॉपी करताना मी फायलींची नावं बघत होतो. दोन-तीन वर्षांपूर्वी फॉर्म भरून झालेल्या लोकांचे आधार, पॅन, जन्मदाखले, बँकेची पासबुकं, विधवा पेन्शनसाठी दिलेले नवऱ्यांचे मृत्यूचे दाखले, सगळं डेस्कटॉपवर पडलेलं आहे. हे आपलं नाही. ती अमानत आहे. खाला इथे येते, ओढणीच्या गाठीतून कागद काढते आणि आपल्याला विश्वासाने देते. तो कागद घरी ती ट्रंकेत ठेवते आणि आपण तो "न्यू फोल्डर ३" मध्ये ठेवलाय. एकेका कागदासाठी आपल्या लोकांना किती फेऱ्या माराव्या लागतात हे तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही. व्हायरसने काय नेलं ते आता कळायचा मार्ग नाही. काही नेलं असेल असं धरून ज्यांचे पासबुक होते त्यांना सांगावं लागेल. ते काम अवघड आहे, यादी मी करतोय, फोन आपण मिळून करू.

पुढे असं करू. फॉर्म गेला, पावती मिळाली, की त्या माणसाची फाइल त्याच्यासमोर पुसायची. चालेल तिथे आधारचं मास्क केलेलं पान घ्यायचं, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, ते आधारच्या साइटवरूनच मिळतं. जे ठेवावंच लागेल ते पासवर्डने बंद केलेल्या फोल्डरमध्ये. छापायला बाहेर न्यायचा पेनड्राइव्ह वेगळा, त्यावर फक्त छापायची फाइल, आणि परत आल्यावर तो लिनक्सवर फॉर्मॅट झाल्याशिवाय कशालाही लावायचा नाही. त्याला मी लाल दोरा बांधलाय.

किती राहिलं? चार मिनिटं. ठीक आहे, कोणीतरी एकाने इकडे या. झाल्यावर ही हार्डडिस्क माझ्या लॅपटॉपला लावू आणि तुम्ही सांगाल त्या पाच फायली उघडून बघू. मगच पुसायचं बटण दाबू, आणि ते तुमच्यातल्याच कोणीतरी दाबायचं.